शाळेतली दादागिरी थांबवायचीय? मग मधल्या सुट्टीपासून सुरुवात करा

बहुतेक शाळांमध्ये या विषयावर वर्षातून एक भाषण होतं. कुणीतरी पाहुणे येतात, पोरं हॉलमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसतात, ‘सगळ्यांशी प्रेमानं वागा’ वगैरे सांगून होतं, फोटो निघतो, शाळेच्या ग्रुपवर पडतो, आणि त्याच दिवशी मधल्या सुट्टीत सातवी ब मधल्या त्याच पोराचा डबा तीच चार पोरं पळवतात. भाषणाला माझा विरोध नाही, होऊ दे, पण त्यानं काही थांबत नाही. दादागिरी करणाऱ्या पोराला हे वाईट आहे हे चांगलं माहीत असतं, म्हणून तर तो सर समोर असताना करत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रकार जिथे मोठं माणूस नसतं तिथे होतो, आणि चार पोरं बघत असतात म्हणून होतो. जागा आणि बघे, या दोन गोष्टी धरल्या की निम्मं काम झालं समजा, उरलेलं सगळं तक्रार आल्यावर आपण कसं वागतो त्यावर. खाली क्रमानं लिहिलंय. मी माध्यमिक शाळेत शिकवते त्यामुळे शिक्षकांच्या बाजूचं जास्त आलंय, पालकांसाठी शेवटी वेगळं आहे. समुपदेशक नसलेल्या, वर्गात साठ-साठ पोरं कोंबलेल्या शाळेत जे जमेल तेवढंच सांगतेय, याला फारसे पैसे लागत नाहीत, फक्त जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी स्टाफनं एकदा नीट बसून ठरवावं लागतं.

१. मस्करी कशाला म्हणायचं आणि त्रास कशाला, हे आधी ठरवा

हे ठरवलं नाही तर प्रत्येक वेळी स्टाफरूममध्ये वाद होतो, एक म्हणतात पोरं आहेत भांडणारच, दुसरे म्हणतात दाखला द्या हातात. नॉर्वेत डॅन ओल्वेउस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर आयुष्यभर काम केलं, तिथे १९८३ साली देशभरातल्या शाळांमध्ये मोहीम सुरू झाली तिला आधार त्याच्याच कामाचा होता, आणि त्यानं सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरतात. मुद्दाम केलेलं, परत परत होणारं, आणि ज्याला त्रास होतो त्याला स्वतःची बाजू सांभाळता येत नाही असं. म्हणजे दोन तोडीस तोड पोरं आउट-नॉटआउटवरून भिडली तर ते भांडण, ते मिटवा आणि सोडून द्या. पण एकाच पोराला रोज जिन्यावर टपली बसते आणि तो खाली मान घालून निघून जातो, तर ती दादागिरीच, मग टपली कितीका हलकी असेना.

मारामारी लवकर दिसते म्हणून आपण तिच्याच मागे लागतो. खरा त्रास न दिसणाऱ्या गोष्टींत जास्त असतो. जाड्या, काळी, ढापण्या, बोबड्या असली नावं, आडनावावरून जात काढणं, खेड्यातून आलेल्या पोरीनं ‘व्हतं’ म्हटलं की अख्ख्या वर्गानं तिची नक्कल करणं, गणवेश जुना आहे म्हणून खुणावणं. आणि मुलींमध्ये बऱ्याचदा दिसणारा प्रकार म्हणजे तिच्याशी कुणीच बोलायचं नाही, डबा खाताना गोल करून बसायचं आणि ती आली की उठायचं. याचा ना आवाज होतो ना वळ उठतो, आणि शिक्षकांकडे आली तरी ती पोर काय सांगणार, ‘मॅडम त्या माझ्याशी बोलत नाहीत’? आपण म्हणतो जा गं, होईल सगळं ठीक.

‘मस्करी केली ओ मॅडम’ हे उत्तर तर ठरलेलं. त्यासाठी तीन प्रश्न मी वर्गात भिंतीवरच लावते. दोघंही हसतायत का? कधी याची पाळी कधी त्याची, असं होतं का, की नेहमी एकाच्याच नावानं हसायचं? आणि ‘बास’ म्हटल्यावर थांबतं का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असं आलं तर ती मस्करी नाही. पोरांना हे पटकन कळतं, मोठ्यांना जरा वेळ लागतो.

२. शाळेचा नकाशा काढा आणि पोरांना रंगवायला द्या

माझ्या मते या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. चित्रकलेच्या सरांना सांगून शाळेचा साधा नकाशा काढून घ्या, वर्ग, जिने, नळ, मुतारी, मैदान, सायकल स्टँड, गेट, आणि बाजूला शाळेत यायचा-जायचा रस्ता. झेरॉक्स काढा. पाचवीपासून वरच्या सगळ्यांना एकेक द्या, नाव लिहायचं नाही. जिथे निवांत वाटतं तिथे हिरवा, जिथे जायला नको वाटतं तिथे लाल, आणि लाल जागेशेजारी फक्त वेळ लिहायची. कोण त्रास देतं हे या कागदावर विचारायचंच नाही! नाव विचारलं की पोरं शेजारच्याचा कागद बघतात आणि कोरा देतात. जागा आणि वेळ मात्र बिनधास्त लिहितात. कागद वर्गशिक्षकांनी गोळा करू नयेत, दुसऱ्या वर्गाच्या कुणीतरी करावेत.

मग हे कागद टेबलावर पसरून बघा. मुतारीबाहेरचा बोळ, पाण्याचे नळ, जिन्याचं वळण, खिचडीची रांग, सायकल स्टँड, मैदानाचा मागचा कोपरा, पीटीनंतर वर्गात कपडे-बूट नीट करायची वेळ, दोन तासांच्या मधली पाच मिनिटं आणि ऑफ पिरियड. थोड्याफार फरकानं यादी हीच येते, पण तुमच्या शाळेतलं तुमच्या शाळेलाच कळायला पाहिजे, कारण कधीकधी भलतंच काहीतरी निघतं, लायब्ररीच्या मागची खिडकी म्हणा किंवा शनिवारची सकाळची शाळा म्हणा.

आता यावर उपाय. लहान आणि मोठ्या वर्गांची मधली सुट्टी दहा मिनिटं मागेपुढे केली की नळावरची आणि मुतारीतली गर्दीच फुटते. ड्युटी लावताना माणूस लाल जागेवर लावा, नुसतं व्हरांड्यात खुर्ची टाकून बसणं म्हणजे ड्युटी नव्हे, फिरायचं, आणि मोबाइल खिशात. शिपाई मामा आणि सफाईच्या मावशींना या मीटिंगला बोलवा, त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं मुख्याध्यापकांना नसतं, पण त्यांना कुणी विचारतच नाही. मोडलेलं दार, न लागणारी कडी, बंद पडलेला बल्ब हे आधी दुरुस्त करा, मुतारीची कडी लागत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या पोरी असतात, हे ऐकायला साधं वाटतं पण त्याच कडीचा फायदा घेऊन चिडवाचिडवी चालते.

शाळेची बस हा वेगळाच प्रांत आहे. महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे गाडीत मुलांसोबत सहायक पाहिजे आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती पाहिजे, कागदावर ती असतेच, तिच्या पुढच्या बैठकीत बसायच्या जागा ठरवून टाका. धाकटी पोरं पुढे, मोठी मागे, मधे सहायक ताई. व्हॅन आणि रिक्षावाल्या काकांशीही बोला, ‘आवाज करू नका रे’ एवढंच त्यांचं लक्ष असतं, कोण कुणाचं दप्तर खिडकीबाहेर धरतंय हे आरशातून दिसत असतं पण ते आपलं काम आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तोच नकाशा परत रंगवून घ्या. लाल कुठे सरकला ते कळतं, आणि तो सरकतोच.

३. वर्गातल्या रोजच्या सवयी, आणि त्यात आपल्या स्वतःच्या

इथे बऱ्याच सहकाऱ्यांना राग येतो, पण लिहितेच. वर्गात पहिलं टोपणनाव बऱ्याचदा शिक्षकांनी ठेवलेलं असतं. ‘काय रे कुंभकर्णा’, ‘ए ढ’, ‘ही बघा आमची बर्फी, जरा कमी खा’. वर्ग हसतो, तास हलकाफुलका होतो, आणि मधल्या सुट्टीत तेच नाव पन्नास तोंडांत जातं, कारण सरांनीच लायसन दिलं ना! शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी आहे, म्हणजे हे फक्त चांगलं-वाईट एवढ्यापुरतं नाही, बेकायदेशीर आहे.

तर सवयी. हजेरी घेताना नाव पूर्ण आणि नीट उच्चारायचं, पोराला स्वतःला जसं आवडतं तसं. मार्क मोठ्यानं वाचून दाखवायचे नाहीत, पेपर उलटा ठेवून द्यायचा. शिष्यवृत्तीची यादी वर्गात उभं करून वाचायची नाही, कोण कुठल्या प्रवर्गातलं हे असल्या कामांतूनच वर्गाला कळतं आणि मग ते बाहेर वापरलं जातं, फॉर्म भरून घ्यायचे तर पालकांना वेगळं बोलवा. खेळाच्या तासाला दोन कॅप्टन उभे करून ‘निवडा रे आपापली टीम’ हे तर बंदच करा, रोज शेवटी उरणारं पोरगं कोण हे अख्ख्या मैदानाला पाठ होतं, चिठ्ठ्या टाका नाहीतर एक-दोन-एक-दोन मोजा. गटकार्यातही तेच, ‘आपापले गट करा’ म्हणालात की तीन पोरं उरतात आणि ती तीनच नेहमी उरतात. बाक दर पंधरा दिवसांनी बदलायचे, सगळ्यांचेच, म्हणजे कुणाला शिक्षा म्हणून हलवलं असं वाटत नाही.

मॉनिटर. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा अधिकार पोराच्या हातात दिला की चॉकलेट, होमवर्क, डब्यातला लाडू अशी वसुली सुरू होते, हे आपण सगळ्यांनी आपल्या लहानपणी बघितलंय तरी चालूच ठेवतो. मॉनिटरला कामं द्या, खडू आणणं, वह्या वाटणं, आज कोण एकटं बसलंय ते बघणं. नावं लिहिणं आणि पट्टी धरणं नको. आणि दर महिन्याला बदला.

नियम करायचेच असतील तर पोरांकडून करून घ्या, जूनच्या पहिल्या आठवड्यात, चार किंवा पाच, त्यांच्याच भाषेत. ‘सर्वांचा आदर करा’ असं लिहिलं तर त्याचा अर्थ कुणालाच कळत नाही. ‘ज्याला जे नाव आवडत नाही ते घ्यायचं नाही’, ‘दुसऱ्याच्या वस्तूला विचारून हात लावायचा’, ‘डबा खाताना कुणाला उठवायचं नाही’ असं लिहा. परिपाठात रोजचा सुविचार झाल्यावर एक मिनिट काढून कालच्या दिवसातली एखादी चांगली वागणूक सांगायची, नेमकी, म्हणजे ‘काल पावसात पाचवीतल्या एकाची चप्पल वाहून गेली तर नववीतल्या दोघांनी ती गटारातून काढून दिली’. नाव घ्या किंवा नका घेऊ. ‘आदर्श विद्यार्थी’ पुरस्कारापेक्षा याचा परिणाम जास्त होतो, तो पुरस्कार दरवर्षी कुणाला जाणार हे पोरांना ऑगस्टमध्येच माहीत असतं.

४. बघणाऱ्या पोरांना वाक्यं शिकवा

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी नव्वदच्या दशकातच दाखवून दिलं की अशा प्रसंगात फक्त दोघं नसतात, साथ देणारे असतात, हसून चढवणारे असतात, गप्प बघणारे असतात आणि थोडे वाचवणारेही असतात. त्यावरच तिथला ‘किवा’ नावाचा कार्यक्रम उभा राहिला, २००९ पासून फिनलंडभरच्या शाळांमध्ये गेला. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि माइक लावून बघितलं, त्यांचा अभ्यास २००१ साली छापून आला, तर ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली ती फक्त १९ टक्क्यांत, आणि पडली तेव्हा ५७ टक्के वेळा प्रकार १० सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! आपण ऑफिसमधून उठून जिन्यापर्यंत पोचेपर्यंत याच्या कितीतरी पट वेळ जातो.

पण ‘अन्यायाविरुद्ध आवाज उठवा’ म्हणून पोरं मध्ये पडत नाहीत. त्यांना भीती असते उद्या आपली पाळी येईल याची, आणि ती खरी असते. म्हणून धाडसाची अपेक्षा करायची नाही, सोपी वाक्यं द्यायची. सगळ्यात सोपं म्हणजे त्रास होणाऱ्याला तिथून उचलायचं, ‘ए चल, तुला मॅडम बोलवतायत’, ‘चल ना, बॅटिंग आलीय आपली’. दादाकडे बघायचंही नाही, भांडायचं नाही, नुसतं मित्राला घेऊन चालू पडायचं. दुसरं, न हसणं, तेवढंही पुरतं कधीकधी. तिसरं, दोघंतिघं असतील तर ‘बास की आता, जाऊ दे त्याला’. चौथं, नंतर जवळ जाऊन बसणं, ‘तो काही पण बोलतो रे’ एवढंच म्हणणं. पाचवं, मोठ्याला सांगणं. हात उचलायचा नाही हे मात्र बजावून सांगा, नाहीतर एका दादाच्या जागी दुसरा तयार होतो आणि त्याच्याकडे कारणही चांगलं असतं.

ही वाक्यं बोलून घ्यायची, खरंच तोंडानं. आनंददायी शनिवार आहे, त्यात करा. दोघांनी नाटक करायचं, बाकीच्यांनी एकेक करून येऊन वाक्य टाकायचं. पोरं खिदळतात, खिदळू द्या. फक्त ज्या पोराला खरंच त्रास होतोय त्याला ‘त्रास होणारा’ चुकूनही करू नका आणि जो देतो त्याला तर ते काम अजिबात देऊ नका, त्याला वाचवणारा करा.

सांगणाऱ्याला ‘चुगलखोर’ म्हणतात, त्यामुळे सांगायची वाट अशी ठेवा की कोण सांगतंय ते दिसू नये. तक्रार पेटी शाळेत सक्तीचीच आहे, पण ती ऑफिसच्या दारात टांगली तर तिच्यात काय पडणार, शेंगदाण्याची टरफलं. लायब्ररीत ठेवा, जिथे कुणीही कधीही जाऊ शकतं. त्याहून सोपं सांगू? दर शुक्रवारी शेवटच्या तासाला वर्गातल्या प्रत्येकानं एक चिठ्ठी द्यायची, काही नसेल तर ‘सगळं ठीक’ असं लिहून. सगळेच देतात म्हटल्यावर कुणाचंच नाव होत नाही. चिठ्ठ्या त्याच दिवशी वाचायच्या, सोमवारवर ढकलायच्या नाहीत.

५. तक्रार आली, आता पुढचे दोन दिवस

चांगल्या चांगल्या शाळा इथेच घसरतात. नेहमीची पद्धत काय, दोघांना ऑफिसमध्ये बोलवायचं, शेजारी उभं करायचं, ‘सॉरी म्हण त्याला, हात मिळवा, परत असं नको’, आणि प्रकरण बंद. ज्या पोरानं सांगितलं त्याला ज्याची भीती वाटते त्याच्याच शेजारी उभं केलं, आणि ज्यानं त्रास दिला त्याला कळलं कुणी सांगितलं. संध्याकाळी गेटबाहेर काय होणार ते वेगळं सांगायला नको. समेट भांडणासाठी ठीक आहे, इथे नाही.

तर क्रम असा. आधी ज्याला त्रास झाला त्याच्याशी एकट्यानं बोला, बसून, दार अर्धं उघडं ठेवून. ‘तू काय केलं होतंस?’ हा प्रश्न पहिल्या बैठकीत नको. काय झालं, कुठे, कधीपासून, अजून कोण होतं, आता तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, एवढं विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, ‘अपशब्द वापरले’ असं लिहू नका, कुठला शब्द तो लिहा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागणारच आहे. ‘ज्यांना सांगायची गरज आहे त्यांनाच सांगीन, आणि सांगायच्या आधी तुला सांगीन’ एवढं म्हणा. उद्या शाळेत येताना कुणाबरोबर येशील, मधल्या सुट्टीत कुठे बसशील हे त्याच्याबरोबर ठरवूनच त्याला सोडा.

मग त्रास देणारे. चार असतील तर चौघांना वेगवेगळं, आणि लागोपाठ, एक बाहेर जाऊन दुसऱ्याला गोष्ट शिकवेल एवढा वेळ मध्ये सोडायचा नाही. स्वीडनच्या अनातोल पिकास यांची एक पद्धत आहे, तिच्यात सुरुवात आरोपानं करतच नाहीत, ‘तो पोरगा सध्या वाईट अवस्थेत आहे असं मला दिसतंय, तुला काय माहितीये?’ असं विचारतात, आणि पोराकडूनच ‘मी उद्यापासून हे करीन’ असं काहीतरी काढून घेतात. टोळीच्या मागेमागे फिरणाऱ्या पोरांवर हे चांगलं चालतं, कारण त्यातल्या निम्म्यांना मनातून ते नकोच असतं. म्होरक्या जरा पक्का असतो. त्याच्याशी लांबण लावायची नाही, तुम्हाला काय कळलंय ते सांगा (कुणी सांगितलं ते नाही), हे आजपासून बंद, आणि बंद झालं की नाही ते मी रोज बघणार आहे. ओरडायचं नाही. ओरडलात की तो घरी जाऊन ‘मॅडम माझ्यावर खार खातात’ सांगतो आणि विषयच बदलतो.

परिणाम काय द्यायचा? उठाबशा, वर्गाबाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर कान धरायला लावणं, हे कायद्यात बसत नाही, आणि त्यातून पोरगं एवढंच शिकतं की ज्याच्या हातात ताकद तो खाली वाकवतो, जे त्याला आधीच येतं. केलेल्या गोष्टीशी जोडलेलं द्या. डबा सांडला तर भरून द्यायचा, वही फाडली तर उतरवून द्यायची. जिन्यावर त्रास दिला तर दोन आठवडे जिना शिक्षकांसोबत उतरायचा, मधली सुट्टी देखरेखीखाली. बाक बदलायचा असेल तर त्रास देणाऱ्याचा बदला, ज्यानं सोसलं त्याला उचलून दुसऱ्या तुकडीत टाकू नका, तुमच्या मनात काहीही असो, वर्गाला ती त्यालाच झालेली शिक्षा दिसते.

दोन्ही घरांना फोन त्याच दिवशी. वेगवेगळे. समोरासमोर मीटिंग अजिबात नको, पालक आपसात भिडतात आणि पोरं राहतात बाजूला. त्रास देणाऱ्याच्या घरी फोन करताना ‘तुमचा मुलगा गुंड आहे’ असा सूर लागला की ‘आमचा बाळ असं करूच शकत नाही’ हे उत्तर पक्कं. ‘ताई, मंगळवारी जिन्यावर असं झालं, बुधवारी परत झालं, त्याचं हे वागणं बदलायला मला तुमची मदत लागणार आहे’ असं बोला, तारीख आणि जागा सांगा, स्वभावावर बोलू नका. आणि पोराचं घर बघा, कधीकधी वडील त्याच्याशी जसे बोलतात तस्साच तो पाचवीतल्या पोराशी बोलत असतो.

पोरगं संस्थेच्या सदस्याचं किंवा नगरसेवकांच्या घरातलं निघालं तर? होतं असं, आणि तिथे तोंडी काहीही टिकत नाही. म्हणून एक रजिस्टर ठेवा सगळ्यांसाठी सारखं, तारीख, जागा, काय घडलं, कुणाशी बोललो, काय ठरलं, पुन्हा कधी बघायचं. मुख्याध्यापकांची सही. ते असलं की ‘मिटवून टाका ना’ म्हणायला येणाऱ्यांचा आवाज जरा खाली येतो.

आणि पुन्हा बघणं. दोन दिवसांनी, दोन आठवड्यांनी आणि दोन महिन्यांनी त्या पोराला सहज विचारायचं, वह्या उचलायला बोलवून, सगळ्यांसमोर नाही. पहिले दोन दिवस सगळं शांत असतं, मग हळूच दुसऱ्या रूपात सुरू होतं, मारणं थांबतं, पण आता त्याच्याशी कुणी बोलत नाही.

६. मोबाइलवरचा त्रास

‘शाळेबाहेर झालं, आमचा संबंध नाही’ हे चालत नाही, रात्री अकराला ग्रुपवर जे होतं ते सकाळी वर्गात बाकावर बसलेलं असतं. वर्गाचा मुलांचा ग्रुप असेल तर त्यात काय चाललंय हे एका तरी मोठ्याला माहीत पाहिजे. पोरांना सेटिंग शिकवा, व्हॉट्सअॅपमध्ये आपल्याला ग्रुपमध्ये कोण अॅड करू शकतं ते फक्त ओळखीच्यांपुरतं ठेवता येतं, इन्स्टाग्रामवर ब्लॉक करायची भीती वाटत असेल तर रिस्ट्रिक्ट करता येतं, समोरच्याला कळत नाही. उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट काढा ज्यात नाव, तारीख, वेळ दिसेल, मग रिपोर्ट करा, मग ब्लॉक, या क्रमानं, कारण आधी ब्लॉक केलं तर पुरावा हातातून जातो.

एकच अपवाद, आणि तो नीट लक्षात ठेवा. कुणा पोराचा किंवा पोरीचा खासगी, उघडा फोटो किंवा व्हिडिओ फिरत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढू नका, ‘पुरावा म्हणून’ स्टाफच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका, अल्पवयीन मुलांची अशी चित्रं जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. अकाउंटचं नाव, लिंक, वेळ कागदावर लिहा आणि थेट पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर जा, तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. फोन करायचा तर १९३०.

७. कुठल्या गोष्टी शाळेत मिटवायच्या नाहीत

लैंगिक स्पर्श, कपडे ओढणं, मुतारीत डोकावून शूटिंग, हे ‘पोरांची मस्ती’ या खात्यात टाकू नका, करणारा विद्यार्थी असला तरी. पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे अशी शंका जरी असली तरी पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आधी आपण चौकशी करू, खरं-खोटं बघू, असं करत चार दिवस घालवू नका, खरं-खोटं ठरवणं आपलं काम नाही. पोराला चार चार जणांनी तेच तेच विचारणंही टाळा. करणारा अठराच्या आतला असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, तिथला रोख त्याला सुधारण्यावर असतो, त्यामुळे ‘त्याचं आयुष्य बरबाद होईल’ म्हणून दाबू नका.

वसतिगृह किंवा आश्रमशाळा असेल तर अजून एक. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे, लोकांना वाटतं तो फक्त कॉलेजांचा, पण त्यातल्या शैक्षणिक संस्थेच्या व्याख्येत शाळेशी जोडलेलं वसतिगृहही येतं. लेखी तक्रार आली की प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते, दोषीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जातीवरून अपमान आणि अपंगत्वावरून अपमान यांनाही वेगळे कायदे आहेत. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ पासून प्रत्येक शाळेत असायला हवी, ती फलकावरच्या नावांपुरती न राहता महिन्यातून एकदा खरंच बसली तर वरची शुक्रवारची चिठ्ठी, रजिस्टर आणि नकाशा हे सगळं तिच्यापुढे ठेवता येतं, वेगळी समिती काढायची गरज पडत नाही.

८. पालकांसाठी

पोरगं येऊन सांगेल अशी वाट बघू नका, ते बहुतेक सांगत नाही. रविवारी रात्री पोट दुखतं, सोमवारी सकाळी जास्त दुखतं. डबा तसाच परत येतो किंवा घरी आल्यावर अधाशासारखं खातं. पेन, कंपास, पैसे हरवत राहतात. वाट बदलायला मागतं, व्हॅन नको म्हणतं. घरी आल्या आल्या आधी बाथरूमला पळतं, कारण शाळेतली वापरत नाही. एकेक गोष्ट वेगवेगळी असू शकते, चार एकत्र दिसल्या तर बोला, पण समोर बसवून चौकशी नको. गाडीवर मागे बसलेलं असताना किंवा भाजी निवडताना ‘तुझ्या वर्गात कुणाला जास्त चिडवतात रे?’ असं दुसऱ्यावरून विचारा.

सांगितलं की तीन गोष्टी तोंडातून जाऊ देऊ नका. ‘दुर्लक्ष कर’, ते तो करूनच थकलाय. ‘तू पण दे ठेवून एक’, ते जमत असतं तर हा प्रश्नच आला नसता, आणि दिली तर शाळेत शिक्षा त्यालाच. ‘बघतोच त्याच्या बापाकडे’, याची भीती वाटून पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. ‘बरं झालं सांगितलंस, यात तुझं काही चुकलेलं नाही, काय करायचं ते आपण मिळून ठरवू’ एवढं पुरे.

शाळेत जाताना लेखी घेऊन जा, एक पान, तारखा आणि घटना, शेवटी नेमकी मागणी, म्हणजे ‘जिन्यावर सुट्टीत शिक्षक असावेत’, ‘बाक बदलावा’, ‘शुक्रवारपर्यंत आम्हाला कळवावं’. पोच घ्या. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघ, तिथेही काही नाही तर गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोग. सीबीएसईची शाळा असेल तर बोर्डानं २०१५ सालीच शाळांना याबद्दल समिती नेमायला सांगितलेलं आहे, त्या परिपत्रकाचा उल्लेख करा, ऑफिसमधली हवा जरा बदलते. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, ती पोरानं स्वतः फिरवली तरी चालते. पोरगं ‘मला जगायचंच नाही’ असं काही बोललं, अगदी रागात का असेना, तर तक्रारीचं नंतर, आधी त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना दाखवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

तुमचंच पोरगं त्रास देणारं निघालं तर फोन आल्या आल्या वकिली सुरू करू नका. ऐकून घ्या, तारखा लिहून घ्या, संध्याकाळी शांतपणे विचारा. मारू नका. दुसऱ्या पोराचं जे नुकसान झालं ते त्याच्या खाऊच्या पैशांतून भरायला लावा, आणि पुढचे काही आठवडे तो कुणाबरोबर असतो, फोनवर काय चालतं, घरात मोठे एकमेकांना काय काय बोलतात, तिकडे लक्ष द्या.

शाळा बदलायची का, हा प्रश्न सगळे विचारतात. लेखी देऊन, वरपर्यंत जाऊनही शाळा हलत नसेल, किंवा पोराला शाळेचं नाव काढलं तरी घाम फुटत असेल तर बदला, त्यात हरल्यासारखं काही नाही. पण वर्षाच्या मध्यात घाईघाईनं नको जमलं तर, आणि पोराला विचारून, कारण एखादाच जिवाभावाचा मित्र जुन्या शाळेत असतो आणि तोच सुटतो. नव्या शाळेत दाखल करताना वर्गशिक्षकांना आधीचं सगळं खासगीत सांगा, आणि पहिल्याच भेटीत विचारा की मधल्या सुट्टीत ड्युटीवर कोण असतं आणि ते उभं कुठे असतं.